दादूसची टोपी

मानपाडा गावात सकाळी कुणाला घड्याळ बघायची गरज पडत नसे. बरोबर साडेआठला कमळाबाई मशेरी भाजायला घेई. तंबाखूची पानं तव्यावर काळी पडू लागली की धुराचा लोट स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघे, शेजारच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याला शिंका आणी आणि देवळातल्या पुजाऱ्याला आरतीच्या मधोमध ठसका लावी. एमआयडीसीतल्या कारखान्यांचे वास वर्षानुवर्षं निमूट सोसलेली माणसंसुद्धा त्या वेळेला खिडक्या ओढून घेत. तक्रार मात्र कुणी करत नसे, कारण तक्रार करायची म्हणजे कमळाबाईशी बोलायचं, आणि तिचा आवाज मशेरीहून तिखट होता. एकदा तिने ओट्यावरून नातवाला हाक मारली तर मानपाडा रोडवर धावणाऱ्या तीन रिक्षांनी एकदम ब्रेक मारला, असं सांगणारे लोक आहेत. दोन रिक्षांचं मी छातीठोक सांगतो, तिसरीचं नक्की नाही.

त्या गुरुवारी मशेरी अर्धी भाजून झाली होती तेव्हा तिचा मुलगा मितेश स्वयंपाकघरात आला. सहसा तो तिथे येत नसे. चहा त्याला बाहेर सोफ्यावर मिळे, तोही वैशालीने, म्हणजे त्याच्या बायकोने, मोबाइल चार्जिंगला लावून दिल्यावर. आज तो ओट्याला टेकून उभा राहिला, धुराने डोळे चोळले आणि म्हणाला, "आये, शनिवारी तुमचा खेळ आपल्या मैदानात ठेवलाय. मंडप, खुर्च्या, स्पीकर, सगळा खर्च माझा. दर्शूला फोन केलेला मी. ती येतेय."

लेकीचं नाव ऐकून कमळाबाईने पानं उलटली. "आनी सोमवारी?"

"सोमवारी रजिस्टर. तुझी सही, तिची सही. मग दोन्ही शेतं मोकळी." तो जरा थांबला. "म्हणून शनिवारी जिंकायचं, आये. नेहमीसारखं."

आता हे जिंकणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

डोंबिवलीतल्या एका कॉलेजात शिकवणारी रसिका नावाची बाई दीड वर्षापूर्वी गावात आली आणि समाजमंदिरात बायकांना जमवून नाटक करायला लागली. पहिल्या दिवशी बायका आल्या त्या पंखा आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी आल्या त्या पहिल्या दिवशी फार हसल्या म्हणून. मग रसिकाने विचारलं, तुमच्या घरात कधी कुणी बोलत नाही अशी गोष्ट कुठली? आणि पंखा फिरत असूनही सगळ्यांना घाम फुटला.

ती गोष्ट सगळ्यांची एकच निघाली. शिळफाट्यापर्यंतच्या गावांत शेतांचे टॉवर झाले. ज्यांच्या घरी भात पिकत होतं त्यांच्या दारात गाड्या आल्या. पण जमीन विकायची तर बहिणींची नावं मधे येतात. मुलीचा वाटा मुलाइतकाच, असं कायदा म्हणतो. म्हणून भाऊ बहिणीला जेवायला बोलावतो, चांगलंचुंगलं खाऊ घालतो आणि तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवतो: बापाच्या जमिनीतला माझा हिस्सा मी राजीखुशीने सोडते. सही केली की तिला एक साडी मिळते. नाही केली तर काहीच मिळत नाही, पुढच्या हळदीचं बोलावणंसुद्धा. भाऊ मेला म्हणून समज, असं तिला सांगतात, आणि भाऊ तर शंभर पावलांवर बुलेट धूत असतो.

यावर रसिकाने खेळ बसवला. आगरी घरात भावाला दादूस म्हणतात, म्हणून खेळाचं नावही 'दादूस'. मैदानाच्या मधोमध बांबूची चौकट उभी करायची, तिला पडदा लावायचा. ते भावाचं दार. बहीण येते, दादूस तिला आत घेतो, गोड बोलतो. त्याच्या एका हातात कागद, दुसऱ्या हातात साडी. साडी बहिणीच्या खांद्यावर पडली की सही झाली. पण ती पडण्याआधी रसिका शिट्टी वाजवते आणि बघणाऱ्या बायकांना विचारते, हिच्या जागी कोण येतंय? जिला वाटेल तिने पुढे यायचं, बहीण व्हायचं आणि दादूसला गप्प करून दाखवायचं. नियम एकच. दादूसने मुद्दाम हरायचं नाही, कारण घरातला दादूसही मुद्दाम हरत नाही.

सगळ्या बायकाच, त्यामुळे दादूस कोण होणार हा प्रश्न आला. कमळाबाईने नवऱ्याची जुनी लाल टोपी डोक्यावर ठेवली, कोळशाने मिशी काढली, पाय फाकवून उभी राहिली आणि म्हणाली, "ये बाय, दारात कशाला उभी? घर तुजाच हाय." नंदा नावाची बाई बहीण झाली होती. तिला तिथल्या तिथे रडू फुटलं. तिचा भाऊ अगदी असंच म्हणाला होता.

गोची इथेच झाली. कमळाबाईचा दादूस हरेना.

दावडीच्या प्रयोगात एक वकीलबाई उठली. तिने कलमं सांगितली, निकाल सांगितले. दादूसने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "कायदा बराच हाय, बाय. भाऊबीजेला तू कायद्याला ओवालनार क?" वकीलबाई खाली बसली. पिसवलीला एक निवृत्त मुख्याध्यापिका आली. तिला दादूस म्हणाला, नका करू सही, फक्त एवढं सांगा, तुमच्या लेकीच्या हळदीला मामा म्हणून कोण उभा राहणार? ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या प्रयोगात एक महिला हवालदार चक्क वर्दीत आली, दंडुका टेबलावर ठेवून. तिच्यापुढे दादूसने डोक्यावरची टोपी काढली आणि काही न बोलता तिच्या बुटांवर ठेवली. संपलं. खांद्यावर पडलेली साडी परत देऊन हवालदारीण डोळे पुसत गेली आणि त्या गोंधळात दंडुका विसरून गेली.

असे नऊ प्रयोग. नऊ वेळा दादूस जिंकला. गावात लोक कमळाबाईलाच दादूस म्हणायला लागले, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात ती कशातच जिंकली नव्हती.

रसिकाची मात्र झोप उडाली. बायका लढायला येतात आणि हरून घरी जातात, हे कसलं नाटक? एका तालमीनंतर तिने कमळाबाईला बाजूला घेऊन विचारलं, "काकू, तुम्हाला एवढं सगळं सुचतं कुठून?"

"सुचत नाय," कमळाबाई म्हणाली. "ऐकलेला हाय."

ते खरंच होतं. तिचं माहेर निळज्याचं, भाऊ चार. चाळीस वर्षांपूर्वी चौघांनी तिला जेवायला बोलावलं, मटण वाढलं, आणि हिरवी साडी दिली. ज्या जमिनीच्या कागदावर तिने अंगठा उठवला तिथे आता असा टॉवर उभा आहे की त्याच्या सावलीत अर्धं निळजं दुपारची झोप काढतं. साडी तेवढी टिकली. खेळात दादूसच्या हातात असायची ती हीच साडी. दुसरी चालायची नाही, कमळाबाई म्हणे, वजन पडत नाही.

आणि ऐकलेलं दुसरंही होतं. अलीकडचं. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा राघो गेला. मृत्युपत्र नव्हतं, म्हणून सातबाऱ्यावर तीन नावं लागली: कमळाबाई, मितेश, दर्शना. तेव्हापासून मितेश रोज जेवताना जे बोलायचा, ते कमळाबाई संध्याकाळी तालमीत बोलायची. मितेशने नवा मुद्दा काढला की दादूस आणखी भारी पडायचा. हे तिच्या लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे. लक्षात येऊनही न आल्यासारखं करणं तिला जमत असे.

दर्शनाच्या बाबतीत तर ती अकरा वर्षं तेच करत होती.

दर्शना तिची एकुलती लेक, मितेशहून धाकटी. नवरा सुधीर, दारू प्यायला की हात उचलायचा. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी तिचा फोन आला, आये, मी अक्षदाला घेऊन येतेय. अक्षदा तेव्हा तीन वर्षांची. राघो शेतावर गेला होता, मितेश सोफ्यावर बसला होता. तो म्हणाला, दार उघडायचं नाही. एकदा आत आली की इथंच राहील, मग हिस्सा मागेल. कमळाबाई आत स्वयंपाकघरात गेली. घंटी वाजली तेव्हा ती स्वयंपाकघरातून आली आणि दारामागे उभी राहिली. पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा वाजली. कडी तिच्या हातापासून वीतभर लांब होती. पायाखालची फरशी गार लागली, एवढं तिला आठवतं. मग जिन्यावरून चपला उतरत गेल्या. रात्री तिने फोन करून सांगितलं, आम्ही सगळे खोणीला लग्नाला गेलो होतो गं. पलीकडून दर्शना म्हणाली, बरं.

दर्शना सुधीरकडे परत गेली नाही. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये शिलाईच्या कारखान्यात लागली, जवळच खोली घेतली, अक्षदाला शिकवलं. भाऊबीजेला दर वर्षी येई, ओवाळी, जेवी, आणि दिवेलागणीच्या आत निघे. मुक्काम एकदाही केला नाही. लग्नाची ती थाप तिने खरी मानली, असं कमळाबाईने धरून टाकलं होतं. धरून टाकलेलं अकरा वर्षांत पक्कं होतं.

शनिवारी मैदान भरलं. मितेशचा मोठा बॅनर लागला होता, 'माताभगिनींच्या पाठीशी खंबीर', आणि त्यावर त्याचा हात जोडलेला फोटो. निवडणुकीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं. पहिल्या रांगेत पांढरं कव्हर घातलेल्या सोफ्यावर तो बसला, शेजारी वैशाली. मोबाइलवर शूटिंग करायला एक माणूसही त्याने सांगून ठेवला होता. बेत साधा होता. नऊ वेळा न हरलेला दादूस दहाव्यांदा जिंकेल, भरल्या मैदानात बायका रडतील, दर्शना ते बघेल, आणि सोमवारी मुकाट्याने सही करेल. बायकांचं नाटक बायकांच्याच विरुद्ध वापरायचं त्याला सुचलं, आणि आपण केवढे हुशार या आनंदात तो दोन दिवस स्वतःशीच हसत होता.

रसिकाला काहीतरी खटकलं होतं. खेळाआधी ती कमळाबाईची मिशी काढत होती, तेव्हा म्हणाली, "काकू, आज नंदाला दादूस करू या का? तुम्ही बसा." कमळाबाईने तिच्या हातातून कोळसा घेतला आणि उरलेली अर्धी मिशी स्वतःच काढली.

खेळ सुरू झाला. दादूसने नंदाला दारात घेतलं, चहा पाजला, आणि कागद पुढे केला. कमळाबाईचा आवाज त्या दिवशी असा लागला होता की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या आपापल्या मेलेल्या भावांना आठवून पदर तोंडाला लावायला लागल्या. साडी नंदाच्या खांद्यापर्यंत आली. रसिकाने शिट्टी वाजवली.

"हिच्या जागी कोण येतंय?"

कुणी उठेना. कमळाबाईची कीर्ती झाली होती. मग उजवीकडच्या खुर्च्यांमधून एक बाई उठली. तिने पर्स शेजारच्या मुलीच्या मांडीवर ठेवली, पदर खोचला आणि बांबूच्या दाराशी येऊन उभी राहिली. ती दर्शना होती.

गावाला कोण कुणाचं कोण हे ठाऊक होतं, आणि सोमवारचंही ठाऊक होतं. पहिल्या रांगेत मितेश पुढे सरकून बसला. हे तर त्याच्या बेताहून बरं होतं. त्याने मोबाइलवाल्याला खूण केली.

कमळाबाईच्या हातातली साडी जड झाली. तरी नियम तो नियम. तिने पाय फाकवले. "ये बाय, दारात कशाला उभी? घर तुजाच हाय."

दर्शना आत आली नाही. चौकटीबाहेर उभी राहिली. "बोल, दादूस. मी इथूनच ऐकते."

दादूस बोलायला लागला. बाबांनी ही जमीन एकत्र ठेवली, आपण तुकडे करायचे? दर्शना गप्प. तुला काय कमी पडू दिलं, दर भाऊबीजेला पाटावर बसवलं की नाही? दर्शना गप्प. तुझी पोर मोठी झाली, उद्या तिची हळद आली तर मामा लागेल की नको? दर्शना गप्पच. इतके दिवस समोरची बाई वाद घाली आणि दादूस तिचे शब्द तिच्यावरच उलटवी. इथे उलटवायला काही मिळेना. कमळाबाईच्या कपाळावरून घाम ओघळला आणि मिशी पसरली. मग तिने शेवटचा मुद्दा काढला, ज्याच्यापुढे आजवर कुणी टिकलं नव्हतं.

"सही नाय केलीस, तर या दारात परत पाय ठेवायचा नाय. ह्यो दार तुला बंद."

"बंद दार मी बघितलंय," दर्शना म्हणाली.

ती मोठ्याने बोलत नव्हती, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जात होतं. हे तिला आईकडून आलं होतं. "अकरा वर्षं झाली. पोरगी खांद्यावर झोपलेली. माझा ओठ फाटलेला. मी घंटी वाजवली. एकदा, दोनदा, तीनदा. मग वाटलं, घरात कोणी नसेल, गेले असतील कुठंतरी. निघणार होते. तेवढ्यात वास आला."

कमळाबाईने साडी घट्ट धरली.

"आत मशेरी भाजत होती," दर्शना म्हणाली. "तव्यावर ठेवून कोणी लग्नाला जात नाय ना? करपायला लागलेली. आत कोणीतरी होतं, आणि त्याला मशेरी करपली तरी चालणार होती, पण दार उघडायचं नव्हतं. दादूस, एक सांग मला. तुमच्या घरात मशेरी कोण भाजतं?"

एरवी अशा जागी दादूस क्षणात उत्तर देई. आता तोंड उघडलं आणि त्यातून काही निघालं नाही. अकरा वर्षं हिला ठाऊक होतं. अकरा भाऊबीजांना ही येऊन जेवून गेली, आणि दर वेळी आपण हिला लग्नात कोण कोण आलं होतं ते रंगवून सांगितलं.

"टोपी," पहिल्या रांगेतून हळूच आवाज आला. मितेश पुढे वाकून आईला आठवण करून देत होता. "आये, टोपी. टोपी काढ."

बरोबर होतं त्याचं. टोपी पायावर ठेवली की हवालदारीणसुद्धा विरघळली होती. कमळाबाईने टोपी काढली. दर्शनाचे डोळे टोपीवर होते, आणि तिचा चेहरा पहिल्यांदाच जरा हलला, कारण आईने पायावर टोपी ठेवली तर आपण टिकणार नाही हे तिला कळत होतं.

कमळाबाई वळली. मैदानातून चालत पहिल्या रांगेपाशी गेली आणि टोपी मितेशच्या मांडीवर ठेवली.

"ह्यो पार्ट तुजा हाय," ती म्हणाली. "मी उगाच करत होते. ऊठ, तूच कर. तुजी बहीण दारात उभी हाय."

मितेश हसला. मोबाइलवाल्याकडे बघून हसला, मग लोकांकडे बघून. कुणीच परत हसलं नाही. वैशाली खाली मान घालून बांगड्या फिरवत बसली होती. तिलाही माहेरी, दिवा गावात, दोन भाऊ होते. मितेश उठला, पण पुढे आला नाही. फोन आल्यासारखं करून तो मंडपाबाहेर गेला, आणि टोपी कुठे टाकायची हे न सुचल्यामुळे हातातच घेऊन गेला.

कमळाबाई पुन्हा चौकटीपाशी आली. डोक्यावर टोपी नव्हती, ओठावर पसरलेली मिशी तशीच होती. तिने बांबूवरचा पडदा बाजूला केला आणि धरून ठेवला. दर्शना चौकटीच्या जवळ सरकली. मग तिने हात वर केला, आईच्या ओठावरचा कोळसा आपल्या पदराने पुसला, आणि पोरीला घेऊन वागळेला आपल्या घरी गेली. पडद्याच्या आत मात्र आली नाही.

रसिकाला शिट्टी वाजवायची होती. तिने ती तशीच पर्समध्ये टाकली.

रविवारी घरात कुणी आवाज चढवला नाही, आणि तेच वाईट होतं. मितेशने दुपारी जेवण झाल्यावर ताट बाजूला सारलं आणि शांतपणे सांगितलं की दर्शूचं पुढं बघू, कोर्ट आहे, वकील आहेत. उद्या दहाला गाडी काढतोय. तू तरी तुझी सही कर. आणि करायची नसेल तर राहायचं कुठं तेही ठरवून ठेव. कमळाबाई भांडी घासत राहिली. कढई घासून घासून तिच्यात तोंड दिसायला लागलं, तरी ती घासत होती.

सोमवारी तिने हिरवी साडी नेसली. चाळीस वर्षांची ती साडी घडीवर जागोजाग विरली होती. गाडीत मितेशने एकदा बघितलं, पण विचारलं नाही.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गर्दी होती. नंबर लागला. कमळाबाईला खुर्चीवर बसवलं, कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं, अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं. समोरचा अधिकारी दिवसातून शंभर जणांना विचारतो तो प्रश्न त्याने विचारला, पडद्यावरची नजर न काढता.

"मावशी, हे राजीखुशीने करताय ना?"

नवव्या प्रयोगापर्यंत दादूस बहिणीला हेच शिकवायचा: साहेब विचारतील तेव्हा फक्त मान हलव, बाय, दुसरं काय नाय. कमळाबाईची मान चाळीस वर्षांपूर्वी हलली होती. त्या वेळी असा प्रश्न कुणी विचारलाही होता की नाही, तेही तिला आठवत नव्हतं. आज विचारला होता.

"नाय," ती म्हणाली.

अधिकाऱ्याचा हात माउसवर होता तो तिथेच राहिला. त्याने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "काय म्हणालात?"

"नाय सांगितला. राजी नाय, खुशी पन नाय."

रिक्षांना ब्रेक लावणारा तो आवाज होता. कार्यालयातले सगळे स्टॅम्प एका वेळी थांबले, आणि रांगेत उभी असलेली एक तरुण बाई आपल्या भावाच्या हातातल्या कागदाकडे बघायला लागली. अधिकाऱ्याने कागद बाजूला ठेवले. मग ही नोंदणी होणार नाही, तो मितेशला म्हणाला, पुढचा नंबर.

मितेशने कागद उचलले. आवारात जाऊन त्याने फोन लावला, दोन वाक्यं बोलला, गाडी काढली आणि गेला. फोन कुणाला केला ते कमळाबाईला कळलं. तिने बाकावर बसून दर्शनाला फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं. दर्शना म्हणाली, "आये, तिथंच थांब. मी सुट्टी टाकून येते. इकडं वागळेला चल."

"नाय बाय. मी माज्या घरी जाते," कमळाबाई म्हणाली.

रिक्षा करून ती मानपाड्याला आली. जिना चढली. दार बंद होतं. तिने घंटी वाजवली. आत टीव्ही चालू होता, तो एकदम बंद झाला. तिने पुन्हा वाजवली. समोरच्या घराचा पडदा हलला. तिसऱ्यांदा वाजवली आणि हात खाली घेतला.

दारामागे कोणीतरी उभं होतं. कुठे उभं असेल तेही कमळाबाईला बिनचूक ठाऊक होतं, कडीपासून वीतभर. श्वास धरला की छातीत कुठे दुखतं तेही. तिने कपाळ दाराला टेकवलं आणि आवाज न चढवता बोलली. तिला तसं बोलता येतं हे मानपाड्यात कुणाला माहीत नव्हतं.

"वैशाली, तू उभी हायेस ना, तितंच मी उभी होते. फरशी गार लागते नाय पायाला?"

आत काही हललं नाही.

"ती गार नंतर पन जात नाय गो. अकरा वर्सां झाली, मना अजून लागते."

जिन्यात खालून कुणीतरी चढत होतं, पावलं घाईची होती. वागळे इस्टेटहून इतक्या लवकर येणं शक्य नाही, असं कुणीही म्हणेल. पण कारखान्याच्या टेम्पोवाल्याने त्या दिवशी टेम्पो कसा हाणला ते आठवून तो अजूनही स्वतःच चकित होतो. दर्शना वरच्या पायरीवर आली, आईला बंद दारासमोर उभं बघितलं आणि जागच्या जागी थांबली. त्या दाराच्या बाहेरच्या बाजूला दोघी एकत्र कधीच उभ्या राहिल्या नव्हत्या.

तेव्हा कडी वाजली.

दार उघडलं. वैशालीचे डोळे लाल होते. ती म्हणाली, "त्यांनी उघडू नको सांगितलेलं." आणि बाजूला सरली. कमळाबाई आत गेली नाही. तिने दर्शनाचा हात धरून तिला आधी आत घातलं, मग आपण शिरली.

मितेश आठ दिवस आईशी बोलला नाही. दोन शेतं सातबाऱ्यावर तीन नावांनी तशीच आहेत, वकिलाची नोटीस आली आहे, दर्शनाने उत्तर पाठवलं आहे. सगळं गोड झालेलं नाही. घरात जेवताना फक्त भांडी बोलतात. पण साडेआठला मशेरी भाजते तेव्हा घराचं दार आता सताड उघडं असतं, त्यामुळे पाचव्या मजल्यापर्यंत शिंका जातात.

'दादूस'चा पुढचा प्रयोग दिव्याला ठरला. बहिणीचं काम वैशाली करणार आहे, तेही तिच्या माहेरच्या गल्लीत. रसिका तालमीला आली तेव्हा म्हणाली, काकू, सगळं सामान मिळालं, टोपी तेवढी राहिलीय. टोपी मितेशच्या खोलीत होती, गाडीच्या चावीशेजारी खिळ्याला. तो ती घालत नव्हता आणि फेकतही नव्हता. रोज चावी काढताना ती हाताला लागत असणार.

"दुसरी विकत घेऊया," कमळाबाई म्हणाली. "ती त्याच्याकडंच राहूं दे. त्याचा पार्ट अजून व्हायचा हाय."